स्पष्ट ऐकू येणारं गाव

एल्क फोर्डमध्ये घरात कोणता स्कॅनर घ्यावा, हा प्रश्न कोणता पाळणा घ्यावा या प्रश्नाच्या आधी येतो. पोलीस, आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांची आपसातली बोलणी पकडणारा हा रेडिओ आमच्या प्रत्येक स्वयंपाकघरात फ्रिजवर विराजमान असतो. जे घर तो बंद ठेवतं, त्या घराबद्दल लोक हळू आवाजात बोलतात.

मला तो खरोखरच हवा होता. माझी हेटी दीड वर्षाची. सर्दी झाली की तिचा गळा आतून सुजतो, खोकला भुंकल्यासारखा येतो आणि श्वास घेताना बरगड्यांखाली चिमुकला खळगा पडतो. खळगा दिसला की वाट बघायची नाही, रुग्णवाहिका बोलवायची, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. दवाखाना तीस मैलांवर. नवरा वेंडेल धान्याचा ट्रक घेऊन कायम बाहेर, आणि आमची गाडी नेब्रास्काच्या थंडीत सुरू व्हायचं मनावर घेत नाही. गावची एकुलती रुग्णवाहिका जागेवर आहे की कुणाला घेऊन गेलीय, एवढंच मला कळायला हवं होतं.

पण सासूबाईंनी लग्नात दिलेला स्कॅनर एका सकाळी मुका झाला. परगण्याच्या प्रशासनाने जनतेच्या सोयीसाठी जुन्या स्कॅनरना न पकडता येणारी डिजिटल यंत्रणा स्वीकारली होती.

गाव हादरलं. चर्चच्या तळघरात स्कॅनर-निवड सभा भरली. बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. योगायोगाने त्याच संध्याकाळी अग्निशमन केंद्रात व्हर्लिनने स्वयंसेवक भरतीची सभा ठेवली होती. व्हर्लिन बियाण्याचं दुकान चालवतो आणि फुकटात बंब व रुग्णवाहिका दोन्ही सांभाळतो. त्याच्या सभेला दोघं हजर होते: तो, आणि कॉफी घेऊन आलेली त्याची बायको जॉर्जीन.

आमच्या सभेत मात्र विद्युत सामानाचा दुकानदार डेल्मर टेबलावर यंत्रं मांडून बसला होता.

"हा स्वस्तातला डिजिटल पकडतो, पण रेडिओचे दोन मनोरे एकदम बोलले की गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. हा भारीतला. फक्त गावाचा पिनकोड टाकायचा, बाकीचं तो स्वतः शोधतो."

"घर नंबर नीट ऐकू येतो ना रे?" समोरच्या घरातल्या लव्हॉनबाईंनी विचारलं.

"नंबर तर येतोच, कोण रडतंय तेही कळेल."

"मला चौकशा करायच्या नाहीत हो," लव्हॉनबाई लिंबाची वडी उचलत म्हणाल्या. "मला प्रार्थना करायची असते. पत्ताच नसेल तर देवाला पाठवू कुठे?"

यावर सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि भारीतला स्कॅनर बहुमताने निवडला. मीही घेतला. हेटीच्या नव्या बुटांना थांबायला सांगितलं.

महिन्याभरात परगण्याने रुग्णांच्या खासगीपणाचा सखोल विचार करून सगळी बोलणी सांकेतिक करून कुलूपबंद केली. भारीतले स्कॅनर एका सुरात खरखरू लागले. लोक खवळले. शेजारी कुणाची छाती दुखतेय हे कळायचंच नसेल, तर आपण स्वतंत्र देशात राहतो कशाला, असं डेल्मरने वृत्तपत्राला कळवलं. परगण्याचं उत्तर आलं: बोलणी फक्त अधिकृत स्वयंसेवकांच्या पेजरवर ऐकू येतील. पेजर विनामूल्य.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिनच्या दारात रांग लागली. अख्खं गाव स्वयंसेवक झालं. सुरुवातीला व्हर्लिन आनंदाने डोळे पुसत होता; माझा नंबर येईपर्यंत त्याला रांगेचा अर्थ कळला होता. मी म्हणाले, "व्हर्लिन, माझ्याकडे लेकरू आहे. मला कुठे जाता यायचं नाही."

"जाणार तर कुणीच नाहीये," तो म्हणाला. "घे बाई. सही कर."

राज्याकडून सन्मानफलक आला: सेवाभावी गाव. पहिल्याच आठवड्यात म्हातारे आर्विड अंगणात बर्फावर घसरले. सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि हेटी उठू नये म्हणून आवाज बारीक केला. गेले ते व्हर्लिन आणि जॉर्जीनच. रुग्णवाहिकेत कमीत कमी दोन माणसं हवीत, असा नियमच आहे.

मग जॉर्जीन बहिणीकडे गेली, आणि त्या दुपारी सूप भरवता भरवता हेटीच्या बरगड्यांखाली खळगा पडला.

मी फोन केला. फोन ठेवते न ठेवते तोच ओट्यावरचा पेजर बोलला: दीड वर्षाची मुलगी, श्वासाचा त्रास, आणि माझा पत्ता. एक शब्द तुटला नाही. पाठोपाठ व्हर्लिनचा आवाज: "गाडी तयार आहे. एक माणूस हवाय." थोडं थांबून पुन्हा: "मंडळी, एकच माणूस हवाय."

खिडकीतून समोर लव्हॉनबाई दिसत होत्या. पेजर कानाशी, डोळे मिटलेले. मी हेटीला गोधडीत गुंडाळून बाहेर धावले.

"लव्हॉनबाई!"

"ऐकलं गं पोरी! सुरू केलीय प्रार्थना!"

"अहो, केंद्रात जा! माणूस हवाय!"

"मी? अगं, एवढे सगळे आहेत ना! मला वाटलं, डेल्मर निघाला असेल."

डेल्मर पलीकडे त्याच्या घराच्या दारात उभा होता. त्याला वाटलं होतं, लव्हॉनबाई निघाल्या असतील.

"लेकराकडे बघ तू, काळजी करू नकोस," तो ओरडला. "सगळं गाव ऐकतंय!"

हेटीचे ओठ माझ्या गळ्याशी गार लागत होते. तेवढ्यात मला आठवलं की सही तर मीही केलीय. मी तशीच केंद्रात धावले. व्हर्लिनने एकदा हेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि किल्ली माझ्या हातात दिली. तो मागे तिला प्राणवायू देत बसला. माझ्या लेकीची रुग्णवाहिका मी चालवली. तीस मैल मागून तिचा खोकला ऐकू येत होता. तो थांबला की मी जीव मुठीत धरायची, आला की गाडी पळवायची. नोंदीत व्हर्लिनने लिहिलं: स्वयंसेविका तत्परतेने हजर.

परतलो तेव्हा ओसरीवर बटाटे-चीजच्या गरमागरम परातींची ओळ लागली होती. त्या आणून पोचवायला सगळ्यांना घराबाहेर पडता आलं होतं.

"आवाज इतका स्पष्ट होता गं," लव्हॉनबाई डोळे टिपत म्हणाल्या. "अगदी तुझ्या शेजारी बसल्यासारखं वाटलं."

हेटी आता बरी आहे. माझ्या मांडीवर झोपलीय, श्वास सावकाश चाललाय. ते कळेपर्यंत तुम्हीही जागचे हलला नाहीत, माझी गोष्ट मन लावून ऐकलीत, बहुधा मनातल्या मनात प्रार्थनाही केलीत. व्हर्लिनकडे एक पेजर उरलाय. तुमच्या नावावर ठेवायला सांगते.