‘खाजण’वाला डिगंबर भोईर

आमच्या डोक्यावर राहणारा डिगंबर भोईर रोज सकाळी उशीत तोंड खुपसून ओरडतो. साधंसुधं ओरडणं नव्हे. कोणीतरी त्याचा गळा दाबतंय आणि तोही समोरच्याचा दाबतोय, अशा जातीचं. आम्ही गिरगाव सोडून भाईंदरच्या इंद्रलोक भागात राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात हिनं चहाचं आधण तसंच टाकून मला वर पिटाळलं. दार उघडलं ते एका उघड्याबंब, चाळिशी ओलांडलेल्या, अत्यंत शांत चेहऱ्याच्या माणसानं. काखेत उशी.

“काय चाललंय हे?” मी म्हणालो.

“रियाज,” तो म्हणाला. आणि माझा चेहरा बघून समजुतीच्या सुरात, “उशी कापसाची हाय, काका. फोममधनं आवाज खाली जातो. तुमचा विचार करूनच घेतली.”

शेजाऱ्याचा इतका विचार करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि माझं ब्लडप्रेशर इतकं वाढवणाराही नाही. त्यातून पुढं मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. म्हणजे लिफ्ट बंद पडली तर मी, टँकर आला नाही तर मी, आणि वरच्या मजल्यावर माणूस किंचाळला तरी मीच.

डिगंबरचा बँड आहे. चौघांचा. बँड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वरातीतले लाल कोट आले होते. डिगंबरनं मला समोर बसवून समजावलं. “आमचं पोस्ट-हार्डकोर हाय. हार्डकोर म्हणजे नुसतं ओरडायचं. पोस्ट-हार्डकोर म्हणजे ओरडता ओरडता थांबायचं, गिटारवर जरा विचार करायचा, आणि विचार करून अजून राग आला की परत ओरडायचं.” मला ही व्याख्या लगेच पटली. आमच्या सोसायटीच्या सभा अशाच होतात, फक्त मधला विचाराचा भाग नसतो.

बँडचं नाव ‘खाजण’. खाडीकाठची, भरतीचं पाणी आत घेणारी आणि परत सोडणारी दलदलीची जमीन म्हणजे खाजण. डिगंबर मूळचा इथल्याच मुर्धा गावचा. त्याच्या आजाची तिथं खाडीला लागून जमीन होती. बापानं ती विकली, भराव पडला, वर टॉवर उभा राहिला, आणि त्याच पैशातून घेतलेल्या फ्लॅटमध्ये बसून डिगंबर त्या टॉवरच्या नावानं शंख करतो. “मग राहतोस कशाला इथं? सोड फ्लॅट!” असं मी एकदा भडकून म्हणालो. “त्याच्यावरच पुढचं गाणं हाय,” तो म्हणाला. आई-वडील गेले, लग्न केलं नाही. लग्नाला दोघांचं एकमत लागतं, आणि एकमत ही गोष्ट डिगंबर फार गंभीरपणे घेतो.

कारण बँडचे नियम. ते त्यानंच केलेले. स्टेजवर चढायचं नाही, ऐकणाऱ्यांच्या पातळीवर, जमिनीवर उभं राहून वाजवायचं. तिकीट लावायचं नाही. बिल्डर, पुढारी, कोल्ड्रिंकवाले, कोणाचा हात लागू द्यायचा नाही. जो ऐकायला येईल त्यानं बँडच्या सामानातली निदान एक वस्तू उचलून आत आणायची. आणि कुठलाही निर्णय चौघांच्या एकमतानं. एक जण जरी ‘मंजूर न्हाय’ म्हणाला, की विषय संपला.

‘मंजूर न्हाय’ हे त्याचं आवडतं वाक्य. लिफ्टमधल्या आरशावर जाहिरात चिकटवली, मंजूर न्हाय. कटिंग चहाचा कप अजून लहान झाला, मंजूर न्हाय. एकदा डॉक्टरनं त्याचा घसा तपासून महिनाभर मौन सांगितलं, त्यालाही तो घोगऱ्या आवाजात हेच म्हणून आला.

एका रविवारी दुपारी छताचा पंखा हलायला लागला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी तरातरा वर गेलो. चौघं खोलीत एकमेकांकडे तोंड करून वाजवत होते. डिगंबर, भाईंदर वेस्टला भांड्यांचं दुकान असलेला जिग्नेश, मीरा रोडला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा फरहान, आणि ड्रमवर उत्तनचा मेल्विन, जो मासळीच्या बर्फाचा टेम्पो चालवतो. मी म्हणालो, “बंद करा!” डिगंबर म्हणाला, “बसा काका. मत घेतो.” आणि माझ्यादेखत मतदान झालं. जिग्नेश म्हणाला, “अंकल सही बोल रहे हैं.” फरहान म्हणाला, आवाज कम करेंगे, बंद नहीं. मेल्विन म्हणाला, बाकीचे म्हणतील ते. डिगंबर म्हणाला, मंजूर न्हाय. मग परत चर्चा. मी तिथं दोन चहा प्यालो. शेवटी रविवारी दुपारी चार ते सहा यावर एकमत झालं, आणि उतरताना माझ्या लक्षात आलं की आपण बंद करायला गेलो होतो आणि रीतसर परवानगी देऊन आलो.

आता त्याची नोकरी. डिगंबर मीरा रोडला फ्लेक्स छापायच्या दुकानात आहे. आमच्या शहरात झाडं कमी आणि फ्लेक्स जास्त. प्रत्येक खांबावर कोणीतरी हात जोडून उभा. वाढदिवस असो, छटपूजा असो, दहावीचा निकाल असो, चेहरा तोच, नमस्कार तोच, आणि खाली ‘भावी नगरसेवक’. रस्ता खणून ठेवलाय, नळाला पाणी नाही, आणि हे वरून हसतायत! मला तर रिक्षात बसल्या बसल्या त्यांच्या तोंडावर चप्पल फेकाविशी वाटते. डिगंबर हेच चेहरे दिवसभर छापतो. रंग बिघडलेले, नाव चुकलेले फ्लेक्स मालक फेकून देतो. ते हा घरी आणतो, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ब्रशनं आपल्या कार्यक्रमाचा पडदा रंगवतो. “इकत काय घ्यायचं न्हाय. हातानं करायचं.”

एकदा कार्यक्रम होता भाईंदर ईस्टला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या गाळ्यात. हा माणूस तिथं सोसायटीचं नाव खराब करतोय का, हे बघायला मी गेलो. दारातच एका मुलीनं माझ्या हातात लोखंडी स्टँड ठेवला. “अंकल, एक चीज उठानी पडती है.” मी सेक्रेटरी आहे, पेन्शनर आहे, माझी कंबर धरलेली असते, हे सगळं सांगेपर्यंत मी स्टँड घेऊन आत पोचलो होतो.

गाळ्यात साठेक पोरं घामानं निथळत उभी. मागं डिगंबरनं रंगवलेला भलामोठा पांढरा पडदा, त्यावर काळ्या अक्षरांत ‘खाजण’. गाणं सुरू झालं. भराव टाकणाऱ्यांच्या, खांबांवरून हसणाऱ्यांच्या नावानं डिगंबर असा काही पेटला की मला, खरं सांगतो, बरं वाटलं. मी जे वर्षानुवर्षं मनात म्हणतो ते कोणीतरी घसा फाडून म्हणत होतं. आणि तेवढ्यात अंधार वाटतो म्हणून फरहाननं वाजवता वाजवता कोपरानं बटण दाबून पडद्यामागची ट्यूबलाइट लावली.

फ्लेक्सच्या पलीकडची बाजू आरपार उजळली. ‘खाजण’ या अक्षरांमागून एक गुबगुबीत चेहरा हळूहळू वर आला. हात जोडलेले, कपाळावर टिळा, गॉगल. आमच्याच वॉर्डातला भावी. डिगंबरची पाठ पडद्याकडे. तो डोळे मिटून “खाली खेचा” म्हणून किंचाळतोय आणि त्याच्या डोक्यावर भावी प्रेमानं हसतोय. पोरं हसून लोळायची बाकी होती. सगळ्यांनी मोबाइल काढले.

ते चित्रण भावीपर्यंत पोचलं. शब्द त्याला कळले नाहीत, ते कोणालाच कळत नाहीत, पण साठ तरुण आपल्या चेहऱ्यासमोर उड्या मारतायत एवढं त्याला दिसलं. शाल, नारळ आणि चार कार्यकर्ते घेऊन तो थेट डिगंबरच्या दारात. “भोईर, तुम्ही स्वतःहून आमचा प्रचार केला, मन भरून आलं!” महिनाअखेर त्याचा महोत्सव होता. मोठं स्टेज, दिवे, भिंतीएवढे स्पीकर. त्यात सुरुवातीला ‘खाजण’नं वाजवायचं. डिगंबरनं नारळ परत दिला, दार लावलं, आणि आतून उशीशिवाय ओरडला. मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला.

पण मेल्विनला मुलगी आहे. शनेल, सात वर्षांची. बाप बँडमध्ये आहे असं तिनं शाळेत सांगितलं, तर पोरींनी विचारलं, कुठं? स्टेजवर तर कधी दिसला नाही. गाळ्यातल्या गर्दीत तिला बापाचं डोकंसुद्धा दिसलं नसतं, आणि धक्काबुक्कीमुळं तिला कोणी आणायचंही नाही. त्या रविवारी वर वाजवणं झालंच नाही, नुसतं भांडण. खिडक्या उघड्या होत्या आणि मी, सेक्रेटरी या नात्यानं, गॅलरीत उभा राहून ऐकत होतो.

“एक टाइम, डिगू,” मेल्विन म्हणत होता. “पोरीला पप्पा वर दिसूदे. गाणं आपलंच वाजवू. त्याचा नाव पण न्हाय घेणार.”

“त्याच्या स्टेजवर? त्यांनीच खाडी बुजवली!”

“मना म्हाईत हाय कोणी बुजवली. टेम्पोच्या आधी माझी होडी पण तिथंच लागायची.”

जिग्नेश आणि फरहान मेल्विनच्या बाजूनं होते. डिगंबर किंचाळला, “मंजूर न्हाय!” आणि वर सगळं थांबलं. नियमाप्रमाणे विषय संपला. मेल्विन जिन्यावरून उतरला तो माझ्याकडे न बघता. त्या शांत, पडेल ते काम करणाऱ्या माणसाचं तोंड बघून मला डिगंबरचा असा संताप आला! काय करायचंय ते तत्त्व घेऊन? सात वर्षांच्या पोरीला काय कळतं खाजण आणि भराव?

पुढचे काही दिवस वरून सकाळचा आवाज आला नाही. आमची ही म्हणाली, “बघून या. आजारी असेल.” मी गेलो तर डिगंबर जमिनीवर बसून वायर गुंडाळत होता. अॅम्प्लिफायर, गिटार, माइक, सगळं दाराशी लावून ठेवलेलं.

“मेल्विनला न्यायला सांगितलंय. मी सोडला बँड.”

“का? पटलं नाही म्हणून?”

“पटलंच न्हाय. कधी पटणार पण न्हाय.” तो वायरकडे बघत म्हणाला. “पण मी आत असलो तर माझं ‘न्हाय’ आत असणार. म्हणजे कोणीच वाजवू शकत न्हाय. मी बाहेर गेलो की राहिले तिघं. तिघांचं एकमत हाय.”

मी तिथंच त्याला झाडायला सुरुवात केली. अरे मूर्खा, नियम तूच केलास ना? मग मोड की! एकदा हो म्हण, तू पण वाजव, कोण विचारणार आहे तुला? एवढी वर्षं तू उभा केलेला बँड, तुझी गाणी, आणि तूच बाहेर? माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या शहांनी दार उघडून बघितलं. डिगंबरनं सगळं ऐकून घेतलं. “माझ्या सोयीसाठी मोडला तर नियम कसला, काका?” एवढंच म्हणाला, आणि वायरच्या टोकाला चिकटपट्टी लावायला लागला.

महोत्सवाला मी जाणार नव्हतो. भावीच्या मांडवात पाय ठेवायचा नाही असं मी घरी जाहीर केलं होतं. तरी संध्याकाळी ऊन उतरायच्या आत मैदानात पोचलो. शंभर ठिकाणी भावी हात जोडून उभा होता. पुढच्या खुर्च्यांवर कार्यकर्ते, मागं पब्लिक, आणि पब्लिकच्या मधोमध, गुरख्यासारखा ताठ उभा, डिगंबर. खांद्यावर शनेल. तिची आई नर्स, त्या दिवशी ड्युटीवर. मेल्विननं पोर सोपवली होती ती ह्याच्याकडेच.

तिघं स्टेजवर आले. मेल्विननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. शनेल “पप्पा!” म्हणून ओरडली आणि स्पीकर धडाडले. डिगंबरनं हात वर करून तिचे दोन्ही कान तळव्यांनी घट्ट झाकले. गाणं डिगंबरचंच होतं, भरावाचं. गायला कोणी नव्हतं. ओरडायची जागा आली की गिटार थांबायची, मेल्विन एकटा ड्रम वाजवत राहायचा, आणि ती जागा तशीच जायची. प्रत्येक वेळी डिगंबरच्या मानेच्या शिरा फुगायच्या. तोंड मिटलेलं. पुढं भावी मान डोलावत होता. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली, आणि डिगंबरचीही.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. डिगंबरला वाजवता येईनात, हात गुंतलेले. शनेलनं खाली वाकून त्याच्या एका हाताची बोटं सोडवली आणि कानाशी येऊन विचारलं, “डिगू अंकल, हे गाणं कोणाचं हाय?”

“तुझ्या पप्पाचं,” तो म्हणाला, आणि पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत हात परत तिच्या कानावर ठेवला.