उणे वजनाचा तंबू

उर्मिला खेबुडकरांनी घरी शिवलेल्या तंबूचं वजन शून्याच्या खाली गेलं, तेव्हा तो छताला जाऊन टेकला आणि त्यांच्या यजमानांना, दिनकररावांना, शिडी आणावी लागली.

उर्मिलाताई भूगोल शिकवायच्या. मुलांना नकाशावर डोंगर दाखवण्यात नोकरी संपली, पण डोंगरावर एक रात्र एकटीनं काढायची राहून गेली. गुडघे दुखायचे आणि दुकानातले तंबू जड. म्हणून त्यांनी छत्रीच्या पातळ कापडातून एका माणसापुरता तंबू बेतला. चेन काढून नाड्या लावल्या. खांबाऐवजी चालायची काठीच वापरायची ठरवली. तरी समाधान होईना, तेव्हा शिवणीतलं जास्तीचं कापड कातरायला घेतलं.

"आता पुरे," दिनकरराव म्हणाले.

"ही एक नाडी जास्तीची आहे," असं म्हणून त्यांनी ती कापली, आणि तंबू वर गेला.

पाठीवर घेतल्यावर तो त्यांनाही उचलू लागला. चढावर त्यांचे पाय तीन-चार पावलांनी एकदा जमिनीला लागत. गुडघे अजिबात दुखले नाहीत. दिनकरराव दोर धरून मागून चालत होते. तंबू लागला की त्यांनी खाली उतरायचं, असं ठरलं होतं.

पठारावर तंबू लागतो न लागतो तोच वनरक्षक साळोखे आले. तंबू खुंट्यांना बांधून गवतावर हातभर तरंगत होता आणि उर्मिलाताई आत बसल्या होत्या. साळोख्यांनी खाली वाकून मधल्या जागेतून पलीकडे पाहिलं.

"मॅडम, परवानगी जमिनीवर राहायची आहे. वरची हवा आमच्या हद्दीत येत नाही."

"मग आत दगड ठेवते."

"दगड जंगलाचे. हलवता येणार नाहीत. तुमचं स्वतःचं सामान असेल तर ठेवा. सामानाला मर्यादा नाही."

सामान नव्हतंच. तेच तर कमी करत आणलं होतं. उर्मिलाताईंनी दिनकररावांकडे पाहिलं.

"माणूस एकच चालेल," साळोखे म्हणाले.

"हे सामान आहे," उर्मिलाताई म्हणाल्या.

साळोख्यांनी विचार केला. "सामान तंबूत आडवं ठेवावं लागेल. पायाशी."

"पण मला एकटीनं राहायचं होतं हो," उर्मिलाताई हळूच म्हणाल्या. हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं.

"राहा की," दिनकरराव चपला काढत म्हणाले. "सामान कुठं बोलतं?"

ते पायाशी आडवे झाले आणि तंबू गवताला टेकला. साळोख्यांनी हात फिरवून खात्री केली आणि ते गेले.

दिनकररावांनी शब्द पाळला. सूर्य मावळताना उर्मिलाताईंनी सगळ्या डोंगरांची नावं मनातल्या मनात घेतली; कुणी मध्ये बोललं नाही. सकाळी दरी धुक्यानं भरली होती. ती त्यांनी पोटभर एकटीनं पाहिली, आणि मग पायानं हलकेच ढोसून म्हणाल्या, "अहो, झालं माझं. आता बोला."

"पाठ आखडली," दिनकरराव म्हणाले. "पण झोप छान लागली."

आता गल्लीतल्या दोघीजणी तसाच तंबू शिवायला घेणार आहेत. उर्मिलाताईंनी माप देण्याआधी त्यांना फक्त एवढंच विचारलं, की तुमच्या यजमानांचं वजन किती.