मेंढरं पोचली का?

राजनंदिनीनं सासऱ्यांना, तात्याबांना, झोपवायचं मनावर घेतलं, तेव्हा सणसरमध्ये कुणालाच शंका नव्हती. जिनं फोनवर बघून बंद पडलेली मोटर चालू केली, तिला एक म्हातारा काय जड?

तात्याबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बीपीपायी अडलं होतं. "आधी झोप घ्या, बीपी उतरू द्या," म्हणून बारामतीच्या डॉक्टरांनी परत पाठवलेलं.

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं त्यांच्या उशाशी फोन ठेवला. "आबा, ही गोष्ट ऐकता ऐकता माणूस झोपतो."

फोनमधली बाई सायीसारख्या आवाजात सुरू झाली. "एक मेंढपाळ... मेंढ्या घेऊन... तळ्याकाठी निघाला..."

तात्याबा उठून बसले, टोपी घातली आणि म्हणाले, "हं."

"आबा, हं म्हणायचं न्हाय. झोपायचं."

"परकी बाई जीव लावून गोष्ट सांगती, आन् आमी हुंकार द्यायचा सोडून घोरायचं?"

बाई सांगत राहिली, तात्याबा हुंकार देत राहिले. गोष्टीत अंधार पडू लागला, तसा बाईचा आवाज बारीक बारीक होत विझला.

"संपली," राजनंदिनी म्हणाली.

"मेंढरं घरी कुठं पोचली? त्या बाईनं कायतरी बघितलं बघ. आवाजच बसला तिचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या धोंडीबांना बोलावलं. धोंडीबांची हयात मेंढरांमागं गेलेली. त्यांनीही टोपी घालून गोष्ट ऐकली आणि शांतपणे निकाल दिला, "तळं, अंधार, आन् राखणीला कुत्रं न्हाय. लांडगा येनार."

होती ती झोपही गेली.

"पोचली ओ आबा मेंढरं," राजनंदिनीनं सांगून बघितलं.

"तू व्हतीस का तितं?"

ठरल्या दिवशी दवाखान्यात सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला. "चढलंय."

"चढनारच. मेंढरं अजून तळ्यावर हायती."

राजनंदिनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मन लावून वाचू लागली. डॉक्टरांनी मात्र मान वर केली. "ती तळ्याकाठची गोष्ट? पोचली की. शेवट फार हळू आहे, फोन कानाला लावावा लागतो."

"समदी?"

"सगळी. लांडगा वगैरे काही नाही."

तात्याबांनी श्वास सोडला. सिस्टरनं परत बघितलं. बीपी उतरलं होतं! ऑपरेशन उद्याच करायचं ठरलं.

तात्याबांना तेवढं एक कुतूहल राहिलं. "डॉक्टर, तुमी कवा ऐकली?"

"रोज ऐकतो. शेवटपर्यंत. काय करणार, मला झोपच लागत नाही हो." डॉक्टरांनी भलीमोठी जांभई दिली.

"आन् उद्या माजा डोळा कोन उघडनार?"

"मीच."

सिस्टरनं पट्टा अजून सोडला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "परत चढलं."