भीमाचार्यांचे सरकारमान्य ताडी-दुकान

१९५८ सालच्या जून महिन्यात बेंगळुरात गवीपुरममधल्या भीमाचार्यांना सरकारी नोटीस आली, तेव्हा त्यांच्या घरात दोन माणसे आणि त्रेचाळीस ताड राहत होते. माणसांपैकी एक स्वतः आचार्य, हायस्कुलातले संस्कृतचे शिक्षक. दुसऱ्या त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई. माड, पोफळ, शिंदी, भेर्ली आणि लालबागेच्या प्रदर्शनातून आणलेली परदेशी नावांची रोपे, या सगळ्यांना आचार्य ताडच म्हणत. ती कुंड्यांत होती, डब्यांत होती, शिवाजीनगरच्या भंगारवाल्याकडून घेतलेल्या पिंपांत होती, आणि जागा संपल्यावर न्हाणीघरातल्या हंड्यातही होती.

हा छंद कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. तो हाताबाहेर गेला येलहंक्याला. तिथे एका सहकाऱ्याचे वडील वारले म्हणून आचार्य पत्नीसह समाचाराला गेले. मनापासून रडले. मग डोळे पुसत म्हणाले, "मागच्या अंगणातलं ते पोफळीचं रोप फार सावलीत आहे. ते तरी वाचायला हवं." परतीच्या बसमध्ये रोपाला बसायला जागा मिळाली. सत्यवतीबाई उभ्या राहिल्या.

डिसेंबरच्या थंडीत एका पंखा-ताडाला सत्यवतीबाईंची मोळकाल्मुरूची रेशमी साडी गुंडाळली जाई. त्यांनी एकदा हरकत घेतली, तेव्हा आचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझा जन्म बेंगळुरातला. तो मादागास्करचा आहे." पुढे एका पुस्तकात त्यांनी वाचले की वेतदेखील ताडाच्याच कुळातला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतली छडी घरी आणली, कुंडीत लावली आणि दोन महिने तिला पाणी घातले. मुख्याध्यापकांनी त्यांच्या नोंदपुस्तकात 'विद्यार्थ्यांशी वागण्यात लक्षणीय सुधारणा' असा शेरा मारला.

एरवी आचार्य सरळ गृहस्थ होते. ते गवीपुरम सद्वर्तन मंडळाचे चिटणीस होते. ताडीने घरे कशी धुळीला मिळतात यावर ते दर महिन्याला व्याख्यान देत. मंडळाचे अध्यक्ष होते पोलिसांतून निवृत्त झालेले जमादार खंडोजीराव. व्याख्यानाला ते पहिल्या रांगेत बसत आणि माना डोलावत.

नोटीस साधी होती. एका खात्याने नवा नियम केला होता : 'ताडवर्गीय प्रत्येक वृक्ष, तो कोठेही, कसाही व कितीही असो, ताडीचा वृक्ष समजण्यात येईल.' अशा वृक्षांची मोजणी होणार होती. मोजणीला आला नागनाथ नावाचा तरुण निरीक्षक. राज्याची फेररचना झाल्यावर तो बेळगावकडून बदलून आलेला होता. बेंगळुरात मराठी बोलणारे घर सापडल्याचा त्याला इतका आनंद झाला, की पाच मिनिटांचे काम त्याने तीन तास मन लावून केले.

"ही वेताची खुर्ची?" त्याने विचारले.

"खुर्ची आहे."

"वेत ताडाच्याच कुळातला, असं मघाशी तुम्हीच सांगितलात की, आचार्य. लिहिली."

खुर्चीमागून माडाच्या हिरांचा खराटा आला, हातपंखा आला, कुंडीतली छडी आली. शेवटी देवघरातली ताडपत्राची पोथी यादीत चढली : 'वाळलेला वृक्ष, मजकूर असलेला.' एकूण वृक्ष अठ्ठेचाळीस.

"पण यांना ताडी येत नाही हो," आचार्य म्हणाले. "हे बघा, हे रोप दोन वितींचं आहे."

"मला दिसतंय की. पण दिसणं हा पुरावा होत नाही. ताडी येत नसल्याचा दाखला लागतो."

"तो कोण देतं?"

"परवानावाला ताडीचा दुकानदार. झाड चिरतो, आठ दिवस मडकं बांधून ठेवतो. काही उतरलं नाही तर दाखला देतो."

"चिरलं तर रोप मरेल!"

"मग दाखल्यावर 'मृत' लिहितात. त्याचा छापील नमुना आहे, काळजी करू नका." नागनाथने आवाज उतरवला. "एक सोपी वाट आहे, आपले म्हणून सांगतो. ताडीच्या दुकानदाराच्या स्वतःच्या झाडांना दाखला लागत नाही. ती ताडीसाठीच असतात ना! तुम्हीच दुकान काढा."

तो गेल्यावर सत्यवतीबाई तांदळाचे सूप घेऊन आचार्यांसमोर बसल्या.

"अहो, झाडं देऊन टाका. तुम्ही मंडळाचे चिटणीस. ताडीचं दुकान काढलंत तर मला गल्लीतून चालायची सोय राहणार नाही. आता सांगा, मी की झाडं?"

आचार्य उत्तर द्यायला लागले तोवर सत्यवतीबाईंचे सगळे तांदूळ निवडून झाले होते. त्यांनी सूप उचलले. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे दुकानच." आणि त्या आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आचार्यांना त्या दिवशी प्रथमच स्वतःची लाज वाटली. तरी ते अर्ज लिहायला बसले.

पंधरा दिवसांत पडवीवर पाटी लागली : 'सरकारमान्य ताडी-दुकान. मालक : पं. भीमाचार्य, वेदान्तविद्वान.' दुकानात ताडी नव्हती. आचार्य शाळेतून आले की फळीमागे बसून वह्या तपासत. गल्लीतले लोक मान खाली घालून समोरच्या बाजूने जात, आणि आचार्य त्यांच्याहून खाली मान घालत. पण त्रेचाळीस झाडे हिरवीगार होती.

महिन्याने नागनाथ आला. त्याचा चेहरा पडला होता.

"आचार्य, तुमच्या विक्रीच्या वहीत एकही नाव नाही. दुकान आहे आणि गिऱ्हाईक नाही, म्हणजे चोरून विक्री होते असा नियम आहे. गुन्हा दाखल होणार. झाडंही जप्त होतील."

"विकायला ताडी पाहिजे ना!"

"ताडी असो नसो, विक्री पाहिजे. नाव, पत्ता, सही आणि पिण्याचं कारण."

हे ऐकून सत्यवतीबाई आतून बाहेर आल्या. नवऱ्यावरचा राग तसाच होता. पण त्याला बेड्या घातलेल्या त्यांना बघायच्या नव्हत्या. त्यांनी गूळ, सुंठ, वेलची आणि लिंबू घातलेले पानक केले, रामनवमीला करतात तसेच, आणि घागर फळीवर आणून ठेवली. "ही घ्या तुमची ताडी," त्या म्हणाल्या.

पहिले गिऱ्हाईक खंडोजीराव. ते खरे तर चिटणिसाचा राजीनामा मागायला आले होते. पण वहीत सही केल्याशिवाय आत पाऊल टाकायला नियमाने बंदी होती. त्यांनी सही केली, कारणाच्या रकान्यात 'पाहणी' लिहिले, आणि सही केलीच आहे तर पुरावा म्हणून एक पेला घेतला. मग दुसरा. तिसऱ्या पेल्याला त्यांचा तोल गेला. चौथ्याला ते आचार्यांच्या गळ्यात पडून मुलगा पत्र लिहीत नाही म्हणून रडू लागले.

"अण्णा, स्वल्प ऐका," आचार्य घाबरून म्हणाले. "हे पानक आहे. गूळपाणी!"

"मला शिकवू नका, आचार्य! तीस वर्षं पोलिसात काढली. ताडी मला कळते."

दुसऱ्या दिवशी मंडळाची कार्यकारिणी पाहणीला आली. तिसऱ्या दिवशी सभासद आले. गल्लीतून गाणी ऐकू येऊ लागली. दोन वकील एकमेकांची क्षमा मागत गटारात पडले. खात्याने घागरीतला नमुना नेऊन तपासला, आणि बाटलीवर 'ताडी' असे लिहिलेले असल्याने 'उत्तम प्रतीची ताडी' असा अहवाल दिला. सत्यवतीबाई पहाटेपासून सुंठ कुटू लागल्या. आचार्य दर पेल्यामागे खरे सांगत. गिऱ्हाईक डोळा मिचकावून म्हणे, "कळतं हो, तुम्हाला असंच म्हणावं लागतं."

असे आठ महिने गेले. मग खात्याच्या लक्षात आले, की नियम टंकलिखित होताना 'ताडी देणारा' हे दोन शब्द गळले होते. नियम मागे घेतला गेला. कुंडीतल्या झाडांना दाखल्याची गरज उरली नाही, आणि आचार्यांचा परवाना महिनाअखेर संपेल असे पत्र आले. आचार्यांनी ते पत्र छातीशी धरले आणि एकेका झाडाला वाचून दाखवले.

त्याच आठवड्यात सद्वर्तन मंडळाची तातडीची सभा भरली. ठराव होता : 'सदर दुकान बंद केल्यास परिसरातील सद्वर्तनावर विपरीत परिणाम होईल, सबब ते चालू ठेवावे.' आचार्य उभे राहिले.

"सज्जनहो, आठ महिने तुम्ही गूळपाणी प्यायलात. माझ्या बायकोने केलेलं. त्यात ताडीचा थेंब नव्हता. मी माझ्या झाडांसाठी तुमची अब्रू घालवली. मला क्षमा करा."

मग खंडोजीराव सावकाश उठले.

"म्हणजे आम्ही शुद्धीवर होतो, असं तुमचं म्हणणं?"

"होय."

"मी रडलो ते शुद्धीवर? हे वकील गटारात पडले ते शुद्धीवर?"

सभासदांवर बदनामीकारक आरोप केल्याबद्दल आचार्यांना एकमताने मंडळातून काढून टाकण्यात आले. ते घरी आले. सत्यवतीबाईंनी न्हाणीघरातला ताड उचलून पडवीत, फळीच्या जागी ठेवला. त्या दिवशी त्यांनी दोन वर्षांनी हंड्यात पाणी तापवले.

उन्हाळ्यात त्यांनी पडवीबाहेर 'थंडगार पानक' अशी पाटी लावून पाहिली. एकही माणूस फिरकला नाही.

त्या दुकानाची गिऱ्हाइकांची वही मंडळाच्या दप्तरासह आज माझ्याकडे आहे, कारण सध्या मंडळाचा चिटणीस मी आहे. नावे, पत्ते, सह्या अगदी स्पष्ट आहेत. कारणाच्या रकान्यात सर्वांनी 'पाहणी' लिहिले आहे. एकच पान वाळवीने खाल्ले आहे. माझ्या वडिलांचे नाव असलेच तर त्यावर असावे. बाकी वही शाबूत आहे. मघापासून तुम्ही हसताय ते मला दिसते आहे. तुमच्याकडचे कोणी त्या वर्षी बेंगळुरात होते का? आडनाव तेवढे सांगा.