शंभर टक्के समजलं

लोकांची बुद्धी दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, अशी ओरड फार वाढली, तेव्हा सरकारने तिची गंभीर दखल घेतली आणि लोकाकलन विभाग स्थापन केला. बुद्धी कमी होते आहे की नाही, हे शोधणं हे या विभागाचं काम नव्हतं. ती कमी होत नाही, हे सिद्ध करणं हे काम होतं. त्यासाठी नदीकाठच्या इमारतीचा दुसरा मजला, फिरत्या खुर्च्या, एक संचालिका, एक आकलनतज्ज्ञ आणि एक मसुदाकार एवढा सरंजाम मंजूर झाला.

मसुदाकाराचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हाक मारताना सगळे त्याला परंतुराव म्हणत. जन्मभर सरकारी सूचना लिहिल्यामुळे 'परंतु'शिवाय त्याच्या हातून एक वाक्य पुरं होत नसे. चहात साखर आहे ना, असं बायकोने विचारलं तरी "आहे, परंतु तळाशी" असं उत्तर यायचं. त्याचं म्हणणं असं की, जगात जे काही जपून करण्यासारखं आहे, ते परंतुच्या पुढेच लिहिलेलं असतं. हे म्हणणं अगदी बरोबर होतं आणि त्यापायीच त्याची बढती अडून बसली होती.

विभागाकडे पहिलं काम आलं ते खिडकीतून दिसणाऱ्या पुलाचं. पुलाच्या अभियंत्याने परंतुरावाच्या टेबलाशी बसून सगळं नीट समजावून सांगितलं. मधल्या कमानीला तडा गेला होता आणि नवा पूल होईपर्यंत हा जपून वापरायला हवा होता. परंतुरावाने ते फारच मनावर घेतलं, कारण त्याची धाकटी रोज त्याच पुलावरून चालत कॉलेजला जात असे. इतका जीव ओतून त्याने आजवर काही लिहिलं नव्हतं. सूचना अशी तयार झाली:

'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर पूल जुना व कमकुवत झालेला असून त्यावरून पायी जाण्यास हरकत नाही, परंतु वाहने नेऊ नयेत. तसेच पायी जाणाऱ्यांनी एकमेकांत अंतर राखून चालावे, परंतु कोणत्याही कारणास्तव मधल्या कमानीवर घोळक्याने उभे राहू नये.'

समजलं ना? मग पुढे जाऊ.

फलक लागला आणि आकलनतज्ज्ञ पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. फलक वाचून पुढे निघालेल्या माणसाला अडवून तो "काय समजलं?" असं विचारी. बहुतेकांनी उलट त्यालाच विचारलं की पूल चालू आहे की बंद. एक वकील म्हणाला, सूचना संबंधितांसाठी आहे आणि माझा काही संबंध नाही. एका प्राध्यापकाने फलकाचा फोटो काढला, सवडीने वाचतो म्हणाला आणि मोटारीत बसून पूल ओलांडून गेला. निकाल आला तो आकलन अकरा टक्के.

संचालिकाबाईंनी परंतुरावाला केबिनमध्ये बोलावलं.

"हे अकरा टक्के मी वर पाठवू? लोक ढ आहेत हे सांगायला आपल्याला पगार मिळत नाही, परंतुराव."

"मॅडम, लोकांनी जरा थांबून वाचलं तर..."

"लोक थांबत नाहीत. तेव्हा वाक्यानेच लवकर थांबायला हवं. ते परंतु काढा आधी."

तज्ज्ञाने लगेच री ओढली. परंतु हा शब्द आला की वाचणाऱ्याला मागचं आठवावं लागतं, आणि मागचं तर तो विसरलेला असतो, त्यामुळे त्याचा अपमान होतो, असं त्याने रंगीत आलेख काढून दाखवलं. पहिला परंतु निघाला. दुसऱ्यासाठी मात्र परंतुराव अडून बसला, त्याने हात जोडले, आवाजही चढवला. अखेर मधला मार्ग निघाला आणि दुसरा परंतु त्याच्या वाक्यासकट परिशिष्टात गेला. परिशिष्ट फलकाच्या पाठीमागे, नदीकडे तोंड करून लावण्यात आलं. एखाद्या माशाला शंका आलीच, तर त्याची सोय झाली.

घरी जाऊन परंतुरावाने धाकटीला समोर बसवलं आणि सूचना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली.

"आणि दुसरा परंतु मुळीच विसरायचा नाही हं, बाळा. समजलं ना?"

"हो बाबा," धाकटी म्हणाली. तिचे डोळे मोबाइलवर होते, पण हो तिने अगदी स्पष्ट म्हटलं होतं. परंतुरावाला बरं वाटलं.

फलकावर आता 'पायी जावे. वाहने नेऊ नयेत.' एवढंच उरलं होतं. तरीही आकलन तिशीच्या वर चढेना. नये हा शब्द नकारात्मक आहे आणि नकार ऐकला की माणसाची ग्रहणशक्ती रुसते, असा तज्ज्ञाचा अभिप्राय आला. म्हणून सूचना आणखी सोपी झाली: 'पायी जा. वाहने टाळा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहनं उभी होती आणि प्रत्येक वाहनाला टाळा ठोकलेला होता. माणसं गाडी पुलावर आणत, टाळा लावत, दोनदा ओढून बघत आणि फलकाबरहुकूम पायी निघून जात. आपल्या गाडीला दोन टाळे ठोकणाऱ्या दातांच्या डॉक्टरला अभियंत्याने गाठलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "नियम म्हणजे नियम. एक टाळा सांगितला तर आम्ही दोन लावतो."

अभियंता डोकं धरून विभागात आला. जुना फलक आजच्या आज परत लावा म्हणून तो भार, ताण, तडा असं बरंच काही बोलला. ते कुणालाच न कळल्यामुळे त्याला सुलभ संभाषणाच्या प्रशिक्षणासाठी परगावी पाठवण्यात आलं. गाड्या क्रेनने उचलून नेल्या, त्या दिवशी क्रेनही पुलावरच उभी होती.

आता शब्दांची कटकटच नको, असं ठरलं. फलकावर चित्र आलं: हसरा पूल, आणि बाजूला वर केलेला अंगठा. तज्ज्ञ "काय समजलं?" विचारी आणि लोक उत्साहाने उत्तरं देत. कुणाला पूल छान आहे असं समजलं, कुणाला पुलाचा वाढदिवस आहे असं समजलं. पण टक्केवारी काढता येईना, कारण यातलं बरोबर उत्तर कोणतं, हे विभागातही कुणाला माहीत नव्हतं.

ती अडचण परंतुरावाने सोडवली. बढतीची फाइल बाईंच्या टेबलावर उघडी पडलेली त्याला दिसत होती, आणि भांडून भांडून तो थकलाही होता. तो म्हणाला, "मॅडम, 'काय समजलं' असं विचारण्यापेक्षा 'समजलं का' असं विचारलं तर?"

बाईंनी बढतीची फाइल पुढ्यात ओढली. या वाक्यात परंतु नव्हता.

आठवड्याभरात आकलन शंभर टक्क्यांवर गेलं. समजलं का, असं विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस साऱ्या शहरात सापडला नाही. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले की, बुद्धी कमी होत असल्याची ओरड करणाऱ्यांची तोंडं आता बंद झाली, कारण अकरावरून शंभरावर एवढ्या थोड्या काळात कुठलीही जनता पोचलेली नाही. परंतुराव मुख्य मसुदाकार झाला. आता तो दोन शब्दांहून लांब वाक्य लिहीत नसे आणि बायकोला म्हणे, "साखर आहे."

या यशाचा समारंभ अर्थातच पुलावर ठरला. मधल्या कमानीवर उजेड चांगला पडतो, म्हणून व्यासपीठ तिथे घातलं. खुर्च्या आल्या, कर्णे आले, आणि आकलनसाक्षर जनता तर लोटलीच. कॉलेजच्या मुलामुलींना एकेक अक्षर हातात धरून व्यासपीठापुढे उभं केलं होतं. स, म, ज आणि लं. लं धाकटीच्या हातात होता.

परंतुरावाला नव्या कोटाचं बटण तुटल्यामुळे उशीर झाला. तो काठावर पोचला, त्याने लांबून ती गर्दी पाहिली आणि तो थबकला. या कमानीबद्दल आपण कधीतरी काहीतरी लिहिलं होतं. काय ते आठवेना. तो फलकापाशी गेला आणि कठड्याला धरून, नदीवर ओणवा होऊन त्याने मागे तसंच राहिलेलं परिशिष्ट वाचायला घेतलं. पहिल्यांदा 'कारणास्तव'पाशीच त्याचा धागा तुटला. दुसऱ्यांदा त्याने बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं आणि मान वळवून पुलाकडे पाहिलं. मधल्या कमानीखालून पाण्यात भुसभुशीत चुरा पडत होता.

तो जिवाच्या आकांताने ओरडला, "परंतु कोणत्याही कारणास्तव मधल्या कमानीवर घोळक्याने उभे राहू नये!"

कर्ण्यातून बाईंचा आवाज आला, "परंतुराव, आजच्या दिवशी तरी सोपं बोला हो."

"उतरा!" तो किंचाळला. "पूल पडतोय, खाली उतरा! समजलं का?"

"समजलं!" सगळा पूल एका सुरात म्हणाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटीने बाबांना ओळखून लं डोक्यावर उंच धरला आणि हलवून दाखवला. जागचं कुणी हललं नाही. परंतुराव तिच्या नावाने हाका मारत पुलावर धावत सुटला, आणि घोळक्यात आणखी एकाची भर पडली.

आता तुम्ही त्या लोकांना हसत असाल, त्यांची कीव करत असाल, हल्ली माणसांच्या डोक्याला झालंय तरी काय, असं म्हणत असाल. खुशाल म्हणा. सूचना तुम्हालाही दिली होती, दोन्ही परंतुंसकट, एक शब्द न गाळता, आणि लगेच समजलं ना म्हणून विचारलंही होतं. तुम्ही मान हलवलीत आणि पुढच्या ओळीवर गेलात. समारंभाचं व्यासपीठ मधल्या कमानीवर घातलं, तेव्हाही तुम्ही पुढच्याच ओळीवर गेलात.