टिटवीची चोरी टिटवीनंच केली

मांडी घालून बसा बघू सगळे. मोबाइल पालथे ठेवा. आज एका जंगलात जायचंय.

त्या जंगलात एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कशाला, असं विचारू नका. शेजारच्या जंगलानं काढलं, म्हणून यांनीही काढलं.

तिथं नलू नावाची टिटवी पीएचडी करत होती. विषय साधाच. नदी आटली की पाणी कुठं सापडतं? त्यासाठी बिचारी भर उन्हात कोरड्या पात्रातून हिंडायची. पीएचडी झाली तर तिथंच शिकवायची नोकरी मिळणार होती. नाही झाली तर जन्मभर वाळूतले किडे टिपत बसायचं.

तिचे गाईड होते घोरपड सर. खडकाला आणि खुर्चीला सारखेच चिकटायचे. नलूनं प्रकरण लिहून दिलं की ते पोटाखाली घ्यायचे आणि ऊन खात पडायचे.

"सर, वाचलंत?"

"वाचतोय."

वाचतायत कसले, डोंबल!

आता टिटवीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या पोटात काही राहत नाही. नलूनं ब्लॉग काढला. आज काय पाहिलं, काय चुकलं, काय कळलंच नाही, सगळं सरळ लिहायची. 'उंबराजवळ वारूळ दिसलं की त्याच्या पूर्वेला उकरून बघा,' असं. सशालासुद्धा कळायचं. आणि ससा किती हुशार ते मी सांगायला नको.

पलीकडच्या डोंगरात एक भेकर होती. तीही पीएचडीच करत होती. तिनं ब्लॉगखाली लिहिलं, "नलूताई, आमच्याकडं पूर्वेला दगड लागला. पश्चिमेला पाणी लागलं. पुन्हा एकदा बघ ना."

नलूनं पुन्हा पाहिलं. भेकरीचंच बरोबर होतं. मग नलूनं चूक कबूल केली, दुरुस्त केली, वर भेकरीचे जाहीर आभार मानले. काय म्हणावं हिला! विद्यापीठात राहून चूक कबूल करते!

ब्लॉग वाचून ससे, हरणं, रानडुकरं उकरू लागली. पाणी लागू लागलं. नलूला वाटलं, आता सर खूश होतील.

"सर, ब्लॉगचे काही गुण धरतात का हो?"

"ब्लॉग?" सरांनी जीभ बाहेर काढून आत घेतली. "ते काय प्रकाशन आहे का? कुणीही वाचतं ते. त्याला संशोधन म्हणत नाहीत, बाळ."

नलू गप्प बसली. टिटवी गप्प बसली म्हणजे किती लागलं असेल बघा. तिनं मुकाट्यानं प्रबंध पुरा केला आणि देऊन टाकला.

विद्यापीठात चोरी पकडायचं एक यंत्र होतं. प्रबंध त्यात घातला की दुसरीकडून उचललेला मजकूर लाल होऊन बाहेर यायचा. नलूचा प्रबंध घातला. सगळा लालेलाल!

समिती बसली. अध्यक्ष अस्वलसाहेब.

"लाज नाही वाटत?" अस्वलसाहेब गरजले. "अख्खा प्रबंध एका ब्लॉगवरून ढापलाय!"

"साहेब, तो ब्लॉग माझाच आहे."

"असू दे. आधी प्रकाशित झालेलं आहे ते."

"पण ब्लॉग हे प्रकाशन नाही म्हणाले ना सर?"

"गुणांसाठी नाही. चोरीसाठी आहे."

घोरपड सरांनी मान डोलावली.

"उद्या मूळ लेखिकेनं तक्रार केली तर विद्यापीठाची अब्रू जाईल," अस्वलसाहेब म्हणाले.

"मूळ लेखिका मीच आहे हो! माझी काही तक्रार नाही!"

"आरोपीची साक्ष धरत नाहीत."

नलू हमसाहमशी रडली. मग घोरपड सरांनाच दया आली. "वेडी गं वेडी. ब्लॉग पुसून टाक. आणि प्रबंध असा लिही की जगातल्या कशाशी जुळणार नाही. कुणी बोलत नाही ना, तसा लिही."

नलूनं ब्लॉग पुसला. भेकरीचं लिहिणंही त्याबरोबर गेलं. मग ती नव्यानं लिहायला बसली. उंबराचं झालं 'क्षीरवाही निर्देशक'. वारुळाचं झालं 'कीटकनिर्मित मृत्तिकोत्थान'. उकरण्याचं झालं 'अधोगामी हस्तक्षेप'. यंत्रातून प्रबंध पांढराशुभ्र बाहेर आला. अस्वलसाहेबांनी स्वतः शाल घातली.

डॉक्टर नलू टिटवी शिकवू लागल्या. वर्गात तसंच बोलायच्या, सभेत तसंच, घरीही तसंच. हळूहळू दुसरं काही बोलता येईनासं झालं.

पुढं एक उन्हाळा फार वाईट आला. नदी गेली, झरे गेले. एक हरिणी पाडसाला घेऊन नलूकडं आली. पाडसाला उभंही राहवत नव्हतं.

"नलूताई, तुझा तो ब्लॉग सापडेना गं. कुठं उकरू, तेवढं सांग."

नलूला सगळं ठाऊक होतं. तिनं चोच उघडली.

"क्षीरवाही निर्देशकाच्या सान्निध्यातील मृत्तिकोत्थानाच्या पश्चिमाभिमुख परिसरात अधोगामी हस्तक्षेप अपेक्षित आहे."

"काय म्हणालीस?"

नलूनं पुन्हा सांगितलं. जीव तोडून सांगितलं. शब्द तेच आले.

हरिणीनं अदबीनं मान लववली. "केवढी शिकलीस गं तू!" म्हणाली, आणि पाडसाला नाकानं ढकलत कोरड्या पात्रातून निघून गेली.

तात्पर्य: मुलांनो, लोकांना कळेल असं कधी लिहू नये. कळलं की लोक ते वापरतात, आणि वापरलं की ते संशोधन राहत नाही. लिहायचंच झालं तर असं लिहा, की ते चोरावंसं कुणालाही वाटणार नाही. तुम्हालासुद्धा.