पलंग मोकळा ठेवावा

साहेब, दोष तुमचाच आहे. आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर तुम्ही चित्र लावलं : बाळ उताणं, गादी सपाट, आजूबाजूला काहीच नाही. चित्रात सासू नाही, नवरा नाही, शेजारीण नाही. असं घर वाशीम जिल्ह्यात कुठं आहे, ते आधी दाखवा.

बाळाची झोप ही सार्वजनिक बाब आहे, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. आमचं गाव किन्हीराजाच्या पुढं. तिथं रूपानं तुमचं चित्र मनावर घेतलं आणि तान्ह्या लेकीला, धम्मदीपाला, घरातल्या एकुलत्या एक पलंगावर उताणं झोपवायला लागली. उशी नाही, गोधडी नाही. तिचा नवरा रवी म्हणे, लेकरू लुगड्याच्या झोक्यातच झोपवावं, डोक्याखाली मोहरीची उशी द्यावी, नाही तर डोकं चपटं होतं. पुरावा म्हणून तो स्वतःचं डोकं दाखवी. (डोकं खरंच गोल आहे. आत काय आहे, हा वादाचा मुद्दा नव्हता.)

"मी झोक्यातच वाढलो. मेलो का मी?"

"जे वाचले त्याईलेच इचारून राह्यले ना तुमी," रूपा म्हणाली. "जे नाई वाचले, त्याईले कोन इचारते?"

वाद घरात मिटण्यासारखा होता, म्हणून तो गावच्या तंटे मिटवणाऱ्या समितीकडं नेण्यात आला. अध्यक्ष भगवंतरावांनी स्थळपाहणी ठरवली. सोबत अर्धं गाव आलं. पलंगावर झोपलेल्या धम्मदीपाची पाहणी झाली. मग हजर डोक्यांची तपासणी झाली. गोल डोकी जास्त भरली. पण चपट्यांपैकी दोघं सरकारी नोकरीत निघाले, म्हणून आकडेवारी बाद करण्यात आली. रवीची आई केशरबाई उशीच्या बाजूनं बोलली. भगवंतरावही उशीच्या बाजूनं बोलले. (चहा केशरबाईनं केला होता.)

घरात दाटी झाली. सामान ठेवायला मोकळं असं एकच ठिकाण होतं, तो पलंग. तिथं भगवंतरावांचा दुपट्टा पडला, मग पिशव्या, मग कुणाचं जॅकेट. शेवटी मोहरीची उशीही, मुद्देमाल म्हणून, तिथंच ठेवण्यात आली.

रूपाला बोलायची परवानगी नव्हती (ती पक्षकार होती). केशरबाईनं तिला कपबशा धुवायला आत पाठवलं होतं. ती बाहेर आली, पलंगाकडं पाहिलं आणि एकेक वस्तू उचलून अंगणात फेकू लागली. जॅकेटाखाली लेक सापडली. लालभडक, घामानं चिंब. पाठीवर चापट मारली तेव्हा कुठं रडली. रवी हातानंच तिला वारा घालू लागला.

"एवढीच जागा मोकळी ठेवा म्हन्लं व्हतं," रूपा म्हणाली. "एवढीच."

समितीनं ठराव केला : बाळ सुखरूप आहे, सबब दोन्ही पद्धती योग्य. टाळ्या झाल्या. रवीनं वाजवल्या नाहीत. त्यानं अंगणातली उशी उचलली, फाडली आणि मोहरी फोडणीच्या डब्यात ओतली.

साहेब, चित्रात आता गादीशेजारी एक बंद दारही रंगवा. आणि तुम्ही, वाचणारे. लेकरू पलंगावर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. पिशव्या पडत होत्या, जॅकेट पडत होतं, तेव्हा तुम्ही हसत होता. काहून नाही बोलले? उत्तर द्या.